साठीपुढचे एचआयव्ही रुग्ण आणि गोळ्यांची पिशवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्हीची औषधे सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. तेव्हा चाळिशीत असलेले रुग्ण आज साठीत आहेत. हे उपचारांचे मोठे यश, पण आता सोबत शुगर, बीपी आणि गुडघेदुखीही आली. एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या सिव्हिलमधून, शुगरच्या गल्लीतल्या दवाखान्यातून, दुखण्याच्या थेट मेडिकलमधून. लोक काय म्हणतील या धास्तीने रुग्ण आजार लपवतो आणि एका डॉक्टरचे दुसऱ्याला कळत नाही.

सध्या बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्राविर ही तीन औषधे असतात. डोल्यूटेग्राविरमुळे रक्तात मेटफॉर्मिन हे शुगरचे औषध वाढते, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमपुढे सहसा नेत नाहीत. पित्तावरच्या औषधातले ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम या गोळीला पोटातच बांधून ठेवते आणि ती अंगी लागत नाही. त्याआधी दोन तास किंवा त्यानंतर सहा तासांनी गोळी घ्यावी. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या मात्र जेवणासोबत एकत्र चालतात. उपाशीपोटी तेच अंतर पाळावे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मूत्रपिंडाची. टेनोफोविरचा भार मूत्रपिंडावर आणि हाडांवर पडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचे आणि रात्री गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी घ्यायची, यात मूत्रपिंड निकामी होऊ शकते. डोल्यूटेग्राविरने क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला आकडा) थोडे वाढलेले दिसते, पण तेवढ्याने इजा होत नाही. त्यामुळे एका रिपोर्टवर घाबरून गोळी बंद करू नये. आधीचे आकडे आणि लघवीतील प्रथिने पाहून डॉक्टरांना ठरवू द्यावे. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचे दुसरे औषध चालू असेल तर गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्यापूर्वी ते सांगायलाच हवे. ते स्टेरॉइड शरीरात साचून राहते.

सिव्हिलमध्ये आठवड्यातून एक दिवस या ज्येष्ठांसाठी ठेवावा. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत आणायला सांगून टेबलावर ओताव्यात, एकाच कागदावर यादी करावी. वजन, बीपी, शुगर, क्रिएटिनिन तपासावे; खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, तेही पाहावे.

संमतीशिवाय कुणाचा एचआयव्ही उघड करणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याच कायद्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. वृद्धाश्रम आणि खासगी दवाखाने चालवणाऱ्यांनी हे आपल्या कर्मचाऱ्यांना आजच सांगावे.

– एक वाचक, सोलापूर