स्नोमोबाईलमधील बदल : आधी क्लच, मग पाइप

महोदय,

स्नोमोबाईलमध्ये, म्हणजे पुढे स्की आणि मागे रबरी पट्टा (ट्रॅक) असलेल्या बर्फावरच्या गाडीत, हौसेने केल्या जाणाऱ्या बदलांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बाजारातले सुटे भाग आणि घरच्या गॅरेजात घडवलेले भाग यांची ओळख चांगली करून दिली आहे, पण कामाचा क्रम उलटा सांगितला आहे. आधी एक्झॉस्ट पाइप, मग लांब ट्रॅक आणि शेवटी जमलेच तर क्लच, असे वाचून कुणी कामाला लागला तर आधी बेल्ट जाईल, पाठोपाठ पिस्टनही.

या गाडीला मोटारसायकलसारखे गिअर नसतात. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर प्रायमरी क्लच, ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या जॅकशाफ्टवर सेकंडरी आणि दोघांमध्ये रबरी बेल्ट. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की प्रायमरीतली वजने बाहेर फेकली जातात, तिच्या दोन चकत्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिन आपल्या सर्वाधिक ताकदीच्या फेऱ्यांवर टिकून राहावे, यासाठी हा सगळा खटाटोप. समजा मूळ इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांवर सर्वाधिक ताकद देते आणि नव्या पाइपने ती जागा ८३०० वर नेली. वजने जुनीच राहिली तर क्लच इंजिनाला ८००० वरच दाबून धरतो. पाइपचे पैसे पाण्यात. वजन कमी केले की फेऱ्या वाढतात, वाढवले की उतरतात. वजने धरणाऱ्या प्रत्येक आर्मवर १ ग्रॅममागे साधारण १०० फेऱ्या, हा कामचलाऊ हिशेब. मात्र सगळ्या आर्मवरचे वजन दशांश ग्रॅमपर्यंत सारखे हवे, नाहीतर क्लच थरथरतो आणि बुश (आतल्या आधाराच्या कड्या) झिजतात. वजन, स्प्रिंग आणि सेकंडरीतले हेलिक्स (तिरक्या कडांचा भाग) एकाच वेळी बदलणाऱ्याला कशाने काय झाले हे कधीच कळत नाही. प्रायमरी काढताना त्या मॉडेलचा पुलर (ओढून काढायचे अवजार) वापरावा; हातोड्याने ठोकली तर ती उतरेलही, पण क्रँक वाकडा करून.

पाइपची खरी जोखीम मात्र मिश्रणाची आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पाइप बदलला की हवा जास्त खेचली जाते. इंधन तेवढेच राहिले तर मिश्रण विरळ होते, पिस्टनचा माथा तापतो आणि एक तर त्याला भोक पडते किंवा तो सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो. त्यात थंडीची भर. शून्य अंशावरची हवा उणे ३० वर सुमारे १२ टक्के दाट होते. कार्ब्युरेटरच्या जेटला, म्हणजे इंधन सोडणाऱ्या छिद्राला, हे कळत नाही, म्हणून कडाक्याच्या थंडीत मोठा मेन जेट लागतो. उंचावर उलटे : दर ३०० मीटरमागे साधारण ३ टक्के ताकद जाते आणि छोटा जेट पुरतो. डोंगरावर जेट लहान केलेली गाडी तशीच खाली, गोठलेल्या तळ्यावर पळवली की इंजिन गेलेच समजा. इंधन-इंजेक्शनच्या गाड्या तापमान आणि हवेचा दाब ओळखतात, पण पाइप बदलल्याचे त्यांनाही कळत नाही. त्यांना नवी फ्यूएल मॅप (किती इंधन सोडायचे याचा तक्ता) द्यावी लागते.

आवाजाचा मुद्दा लेखात एका ओळीत उरकला आहे. उत्तर अमेरिकेत १ फेब्रुवारी १९७५ नंतर बनलेल्या प्रमाणित गाड्यांना ५० फुटांवरून, पूर्ण थ्रॉटलला ७८ डेसिबलची मर्यादा आहे. तिथल्या ट्रेलचा (स्नोमोबाईलच्या वाटांचा) मोठा भाग खासगी जमिनींतून, मालकाच्या परवानगीने जातो. सायलेन्सरऐवजी रिकामा डबा बसवून वजन चार-पाच किलोने उतरते, ताकद जेमतेम वाढते आणि जमीनमालक फाटक बंद करतो. मूळ सायलेन्सर कापून पोकळ करणे तर निव्वळ आडमुठेपणा आहे.

आता ट्रॅक. १३७ इंचांऐवजी १५५ इंची ट्रॅक घ्यायचा तर घेर १८ इंचांनी वाढतो, म्हणजे मागचा एक्सल साधारण ९ इंच मागे जातो. तेवढी रेल (ट्रॅक ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) एक्स्टेन्शन आणि टनेलची (ट्रॅकवरच्या धातूच्या छताची) वाढ आधी तयार हवी. लगची, म्हणजे ट्रॅकवरच्या उभ्या रबरी दात्यांची, उंची वाढवताना खरी अडचण जागेची असते, कारण टनेलच्या आतून कूलंट गार करणारे हीट एक्स्चेंजर गेलेले असतात आणि उंच लग त्यांना घासतात. त्यावर उपाय म्हणून ड्रायव्हर (ट्रॅक ओढणारे दातेरी चाक) लहान करतात. २.८६ इंच पिचच्या (दोन दात्यांमधल्या अंतराच्या) ट्रॅकला ८ दात्यांचा ड्रायव्हर एका फेरीत २२.८८ इंच ट्रॅक ओढतो. ७ दात्यांचा २०.०२ इंच. त्रिज्या सुमारे साडेअकरा मिलिमीटरने घटते, तेवढीच जागा मिळते आणि त्याच फेऱ्यांना वेग साडेबारा टक्क्यांनी उतरतो. चढावर ते चालते, सपाटीवर चेनकेसचे (ड्रायव्हरला फिरवणाऱ्या चेनच्या पेटीतले) स्प्रॉकेट बदलावे लागतात आणि मग चेनची लांबीही. ट्रॅकचा ताण मॅन्युअलप्रमाणे वजन टांगून मोजावा, हाताने दाबून अंदाजाने नव्हे. सैल ट्रॅक ड्रायव्हरवरून दाते चुकवतो, घट्ट ट्रॅक ताकद खातो आणि बेअरिंग लवकर घालवतो.

घरी करण्याजोगी कामे म्हणजे मागचा रॅक, बंपर, इंधनाच्या कॅनचे ब्रॅकेट, टनेलची वाढ. इथे धातूची निवड नडते. ६०६१-टी६ अॅल्युमिनियम मजबूत म्हणून सगळे तेच उचलतात, पण पत्र्याच्या जाडीइतक्या त्रिज्येत वाकवले की बाहेरच्या बाजूला बारीक चिरा दिसतात आणि हंगाम संपायच्या आत तिथेच तुकडा पडतो. वाकवायचे असेल तर ५०५२-एच३२ घ्यावे. ६०६१ सरळ पट्ट्या आणि नळ्यांसाठी. ६०६१-टी६ला वेल्ड केले की सांध्याशेजारची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते, म्हणून ताण येणाऱ्या जागी वेल्डपेक्षा रिवेट बरे. ४.८ मिलिमीटरच्या रिवेटला ४.९ चे भोक पुरते. पाचाच्या पुढे गेलात तर रिवेट ढिला बसतो आणि हादऱ्यांनी भोक लांबट होते.

भोक पाडण्याआधी टनेलखाली वाकून हीट एक्स्चेंजर नेमका कुठून गेला आहे ते बघून वर खुणा कराव्यात. ड्रिलवर टेप गुंडाळून खोली बांधून घ्यावी, कारण टनेलचा पत्रा पातळ असतो आणि ड्रिल पार झाल्यावर हात झोक घेतोच. एक्स्चेंजरला टोक लागले तर कूलंट गळते आणि तो भाग बदलण्यासाठी सस्पेन्शनसकट ट्रॅक उतरवावा लागतो. रिवेटचे गुळगुळीत डोके आत, ट्रॅककडे ठेवावे. खरखरीत शेपूट आत आले तर लग कापले जातात. पोलादी बोल्ट थेट अॅल्युमिनियमवर कसले की वितळलेल्या बर्फात सांधा गंजतो, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर किंवा सीलंट.

हँडलबार उंच करणारा रायझर दिसायला सोपा, पण थ्रॉटल केबल आणि ब्रेकचा होज जुन्याच लांबीचे राहतात. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवावे. केबल ताणली तर थ्रॉटल आपोआप उघडतो, म्हणजे गाडी वळतानाच वेग घेते. स्टिअरिंग पोस्ट, टाय-रॉड, स्कीचे स्पिंडल, ब्रेकचे भाग आणि फिरणारा कुठलाही भाग घरी बनवू नये. तिथे कारखान्याचा किंवा नावाजलेल्या निर्मात्याचाच भाग घ्यावा. 'घरी काहीही बनवता येते' हे लेखातले वाक्य म्हणूनच धोक्याचे वाटते.

शेवटी छायाचित्राविषयी. त्यात क्लच गार ठेवण्यासाठी बाजूच्या पॅनेलला भोके पाडलेली दिसतात. कल्पना योग्य आहे, गरम क्लचवर बेल्ट टिकत नाही. पण जाळी न लावल्याने भुसभुशीत बर्फ आत जाऊन बेल्ट भिजेल आणि घसरेल. त्याहून गंभीर म्हणजे क्लचवरचे गार्ड काढून टाकले आहे. मिनिटाला ८००० फेऱ्यांवर बेल्ट तुटला की त्याचे तुकडे चालकाच्या पायाच्या दिशेने येतात. पुढच्या अंकात त्या छायाचित्राखाली एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक