टोक वळतं, पण नळी धुतं कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पानावरचा, पोटात नळी घालून करायच्या दुर्बिणीच्या तपासणीवरचा (एंडोस्कोपी) लेख वाचला. टोक चारही दिशांना वळतं, वरच्या बाजूला तर २१० अंशांपर्यंत, त्यामुळे जठरात शिरून मागे वळून बघता येतं, हे चित्रासह समजलं. डॉक्टरांचा हसरा फोटो आणि दवाखान्याचा फोन नंबरही मिळाला, आभार. पण ती नळी एका पेशंटच्या पोटातून निघून दुसऱ्याच्या पोटात जाईपर्यंत तिचं काय होतं, याबद्दल अर्ध्या पानात एक ओळ नाही.

माझी निम्मी नोकरी एंडोस्कोपीच्या खोलीत गेली. स्कोप (ती दुर्बिणीची नळी) बाहेर आला की तिथल्या तिथे पुसायचा, आतल्या पोकळ चॅनेलमधून पाणी ओढायचं, कुठे भोक नाही ना हे बघायला लीक टेस्ट करायची, मग एन्झाइमच्या पाण्यात बुडवून ब्रश घालायचा आणि तो दुसऱ्या टोकातून स्वच्छ निघेपर्यंत घालत राहायचं. त्यानंतर सायडेक्स या जंतुनाशकात २० मिनिटं. पुन्हा धुवून, आतून वाळवून उभा टांगायचा. घाई झाली म्हणून यातलं काही गाळलं, तर आमच्या सिस्टर इनचार्ज सगळ्यांदेखत खडसावत.

मध्यंतरी आमच्या यांना घेऊन एका खासगी रुग्णालयात गेले होते. दार अर्धवट उघडं होतं. आतल्या मुलाने स्कोप टबात बुचकळला, गॉझने पुसला आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. "ब्रश मारलास का रे?" असं मी विचारल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "काकू, तुम्ही बाहेर बसा. मशीन जपानचं आहे." जपानचं मशीन स्वतःची आंघोळ स्वतः करतं, हे मला नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं! यांना तसंच उठवून घरी आणलं. सकाळपासून उपाशी, त्यामुळे दिवसभर माझ्यावरच चिडलेले. आगाऊ भरलेल्या पावतीत 'स्कोप स्टरलायझेशन चार्जेस' अशी वेगळी ओळ होती. ते पैसे अजून परत आलेले नाहीत.

हे म्हातारीचं खूळ आहे असं वाटत असेल, तर २०१५ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात काय झालं ते आपल्या लेखकांनी वाचावं. पित्तनलिकेच्या तपासणीसाठी वापरायच्या दुर्बिणीच्या टोकाशी एक बारीक हलती पट्टी असते, तिच्या फटीत जंतू राहिले आणि औषधांना दाद न देणारा संसर्ग पेशंटांमध्ये पसरला. तेही ठरल्याप्रमाणे धुऊन. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) रुग्णालयांना वापरून फेकता येणाऱ्या टोकाच्या दुर्बिणींकडे वळायला सांगितलं. इथे टबात बुचकळणं चालू आहे. रिपोर्टवर फोटो चार-चार छापता, मग स्कोप कधी धुतला आणि कुणी, हेही तिथेच लिहायला काय हरकत आहे?

आणि हो, त्या खासगी रुग्णालयात त्याच मजल्यावर पोट साफ करणारं पेगचं पाणी पिऊन कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या तपासणीला) आलेली डझनभर माणसं बसली होती. त्यांच्यासाठी संडास एकच, त्याचीही कडी तुटलेली. पुढच्या लेखात डॉक्टरांऐवजी तिचा फोटो छापावा.

कळावे,
एक निवृत्त परिचारिका, सातारा