आधी निकाल, मग पुस्तक

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी पुरवणीत सुट्टीतल्या बैठ्या खेळांवर लेख आला होता आणि त्यावर तुम्ही एका आईचं पत्र छापलंत, की मुलं खेळतात दहा मिनिटं आणि नियमावरून भांडतात तासभर, त्यापेक्षा मोबाइल परवडला, घरात शांतता तरी राहते. ते पत्र मी दोनदा वाचलं. त्यांचा वैताग खोटा नाहीये, मी स्वतः तो सहन केलाय, पण म्हणून मुलांच्या हातातला फासा काढून मोबाइल द्यायचा हे काही मला पटलं नाही. भांडण नियमामुळे होत नाही हो, भांडण मिटवायचं कसं हे आधी ठरलेलं नसतं म्हणून होतं. तेवढं सांगायलाच हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल.

आमच्या डोंबिवलीच्या घरी गेली सहा वर्षं एक शनिवार सोडून एक शनिवार डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ रंगतो. माझा भाचा, त्याचे दोन मित्र, माझ्या ऑफिसमधली एक मैत्रीण आणि आमच्याच सोसायटीतले एक काका, जे ऐंशीच्या दशकात शिकायला अमेरिकेत होते आणि तिथे हॉस्टेलवर हाच खेळ खेळायचे. मी डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात डीएम गोष्ट सांगतो, समोर गुहा आहे, आतून धूर येतोय वगैरे, आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेऊन त्या गोष्टीत काय करायचं ते ठरवतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठायचा, मध्यम अवघड कामाला 15, खरंच अवघड असेल तर 20. जाडजूड नियमांचं पुस्तक आहे, पण माणसाचं डोकं पुस्तकाच्या पुढे धावतं. माझ्या मैत्रिणीने एकदा सांगितलं की मी झुंबराला लोंबकळून खाली उडी घेते आणि पडता पडता त्या राक्षसाच्या डोक्यावर पातेलं उपडं घालते. दर दहा फूट पडल्यावर सहा बाजूंचा एक फासा इतकं लागतं हे पुस्तकात आहे, पातेल्याचं कुठे असणार? आणि त्यामुळेच हा खेळ मला इतका आवडतो, बुद्धिबळात घोड्याला अडीच घरं म्हणजे अडीचच, इथे कुणीतरी बसून निवाडा करावाच लागतो.

आता आमच्याकडे काय बिनसलं ते सांगते. मागच्याच पावसाळ्यात, दरीवरच्या पुलावर लढाई चालू होती आणि भाच्याच्या मित्राचा भैरव नावाचा फायटर, म्हणजे लढवय्या, शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे अंगातली ताकद पार संपून, पडला होता. शून्यावर पडलं की दर टर्नला वीसचा फासा टाकायचा, 10 किंवा वर आलं तर बरं, तीनदा खाली आलं की पात्र मेलं, आणि त्याचे दोनदा खाली आले होते. भाच्याचं पात्र शेजारीच उभं होतं, थैलीत औषधाची बाटली. तो म्हणाला मी आधी समोरच्या गॉब्लिनला, म्हणजे छोट्या राक्षसाला, सुरा मारतो आणि मग त्याच टर्नला भैरवच्या तोंडात औषध ओततो. झालं! टेबलावर दोन पुस्तकं होती, एक 2014 सालचं आणि एक 2024 सालचं सुधारलेलं. जुन्यात औषध पाजायला अख्खी ॲक्शन, म्हणजे त्या टर्नचं मुख्य काम, जाते, म्हणजे सुरा तरी मारा नाहीतर औषध तरी पाजा. नव्यात औषध बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जोडीच्या छोट्या कामात, बसतं, म्हणजे दोन्ही जमतं. आणि आमचं नक्की कोणतं पुस्तक हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं, अर्धी पात्रं या पुस्तकातली अर्धी त्या, चाललं होतं आपलं.

चाळीस मिनिटं. मी घड्याळात बघितलं म्हणून आकडा लक्षात आहे. पानं उलटली, मोबाइलवर शोधाशोध झाली, आवाज चढले, काका म्हणाले आमच्या वेळी असलं काही नव्हतं, भाचा म्हणाला मावशी तू जुनंच धरून बसतेस, मीही तोडून बोलले. आणि त्या दिवशी मैत्रिणीची धाकटी बहीण पहिल्यांदा खेळायला आली होती. तिचा टर्न भाच्यानंतर होता. ती सगळा वेळ तिचा तो जांभळा फासा मुठीत धरून बसली होती, म्हणजे टाकायच्या तयारीतच, आणि शेवटी मी तिच्याकडे वळून विचारलं तुझं पात्र काय करतंय तर ती हळूच म्हणाली, मला काय करायचं होतं तेच विसरले. फासा टेबलावर ठेवला तेव्हा तिच्या तळहातावर त्याचे कोपरे उमटलेले दिसले मला. ती परत आली नाही. मी फोन केला, छान बोलली, अभ्यास आहे म्हणाली. मला अजून वाईट वाटतं त्याचं, कारण डीएम मी होते, थांबवायचं काम माझं होतं.

त्यानंतर आम्ही बसून ठरवलं. वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणलं. शंका आली की ते उलटं करायचं, ज्याची शंका त्याने आपली बाजू मांडायची, दुसऱ्या कुणाला वेगळं वाटत असेल तर त्याने, आणि वाळू संपली की मी निकाल देणार. तो निकाल त्या संध्याकाळपुरता पक्का. चूक असला तरी पक्का, झालेला डाव मागे घ्यायचा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न लिहून ठेवायचा आणि खेळ संपल्यावर चहा घेताना पुस्तक उघडून बघायचं, मग पुढच्या वेळेपासून काय ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मला काही सुचलंच नाही तर संशयाचा फायदा प्लेअरला, क्रिकेटमध्ये बॅट्समनला देतात तसा. एकच अपवाद, माझ्या निकालाने कुणाचं पात्र मरणार असेल तर खेळ थांबवून पुस्तक तिथल्या तिथे बघायचं, कारण दोन-दोन वर्षं जपलेलं पात्र माझ्या विसरभोळेपणाने जावं हे बरोबर नाही. त्या पुलावर तर औषधाने भैरव वाचणारच होता, तेव्हा मी लगेच एका वाक्यात सांगायला हवं होतं की आज नवीन पुस्तक, पाज औषध, पुढे चला.

इथे काही डीएम लोकांशी माझं जमत नाही. ते म्हणतात डीएम म्हणेल तो नियम, विषय संपला. मला ते मान्य नाही. निकाल लगेच द्यायचा अधिकार माझा, पण तो कायमचा बरोबर ठरवायचा अधिकार माझा एकटीचा नाही ना. आणि ज्याला नियम पाठ असतात त्या पोराला वकील वकील म्हणून चिडवून गप्प करतात तेही मला आवडत नाही. माझा भाचा तसाच आहे. आधी आम्ही त्याला गप्प बसवायचो, आता पुस्तक त्याच्याच ताब्यात दिलंय, बाकीचे खेळत असताना तो पान शोधून बोट घालून ठेवतो आणि मी विचारलं की वाचतो. त्याच्यासारखं पटकन पान कुणालाच सापडत नाही, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या विरुद्ध जाणारा नियमही तो तेवढ्याच मोठ्याने वाचतो.

हा वाद आमच्या घरचा नाही बरं का, जुना आहे. प्रशियाच्या, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, सैन्यात लेफ्टनंट राइसविट्झने 1824 साली युद्धाचा खेळ मांडला, नकाशा, ठोकळे, फासे आणि निकालाची कोष्टकंच कोष्टकं. ती कोष्टकं इतकी किचकट झाली की 1876 साली व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ नावाच्या अधिकाऱ्याने सरळ मांडलं, कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच बसवा आणि तो सांगेल ते माना. पुस्तक मोठं का पंच मोठा, हा प्रश्न तेव्हापासूनचा. पुढे 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढला तेव्हा एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका होत्या फक्त, आणि त्यात इतक्या जागा मोकळ्या होत्या की खेळणाऱ्यांना आपापल्या टेबलावर त्या भरून काढाव्याच लागल्या.

आणि भांडणातून किती चांगलं निघू शकतं ते सांगते. आमच्याकडे एकदा अरुंद भुयारात मैत्रिणीच्या पात्राने फायरबॉल, म्हणजे जादूने आगीचा गोळा, टाकायचा ठरवला. आत्ताच्या पुस्तकात तो वीस फूट त्रिज्येचा गोळा. काका ओरडले, अगं भुयार आहे, आग दोन्ही बाजूंनी पसरेल, आपण सगळे भाजू! घड्याळ उलटं केलं, दोघांचं ऐकलं, वाळू संपली, मी म्हटलं आज वीस फूट म्हणजे वीस फूट. काका गप्प बसले, खेळ पुढे गेला. चहाच्या वेळी 2014 चं पुस्तक बघितलं तर आग कोपऱ्यातून वळते एवढं आहे, भुयार भरून वाहायचं काही नाही. पण काकांचंही खोटं नव्हतं, त्यांच्या काळच्या 1978 च्या पुस्तकात त्या आगीचं घनफळच दिलं होतं, साधारण 33,000 घनफूट, आणि जागा अरुंद असेल तर आग तेवढं घनफळ होईपर्यंत पसरायची. काकांनी बिलाच्या पाठीवर गणित मांडलं, दहा फूट रुंद दहा फूट उंच भुयार, म्हणजे 330 फूट लांब आग, एका बाजूला 165. पोरं बघतच राहिली. इंजिनिअरिंगची पोरं ती, त्यांनी परत गोळ्याचं घनफळ काढून ताळा करून बघितला आणि मग हात वर करून ठरलं की आपल्या टेबलावर यापुढे काकांचा नियम.

दोन महिन्यांनी माझ्या गॉब्लिन जादूगाराने त्यांच्यावर तसाच फायरबॉल टाकला, एका बोळात. जो नियम त्यांना तोच माझ्या राक्षसांना हेही ठरलेलं होतं. तीन पात्रं आडवी झाली. कुणी एका शब्दाने म्हटलं नाही की मावशी हे काय, भाच्याने स्वतःच फूटपट्टी घेऊन 165 फूट मोजले आणि म्हणाला, हो, मी पण आलो त्यात.

हे सगळं आपल्याला नवीन आहे का तर अजिबात नाही. गल्ली क्रिकेटमध्ये एक टप्पा आऊट धरायचं की नाही, गच्चीवर गेला तर सिक्स का आऊट, हे बॅट हातात घ्यायच्या आधी ठरायचं. शेंबडा भाऊ खेळायला हट्ट करायचा तर तो कच्चा लिंबू, त्याला आऊटच नाही, आणि तेही सगळ्यांना मान्य. आम्ही मुलींनी चाळीत नियम केले, मोडले, परत केले, मोठं कुणी मध्ये पडलं नाही. त्या पत्रातल्या ताईंना माझी एवढीच विनंती आहे की पुढच्या वेळी आवाज चढला तर खेळ उचलून ठेवू नका, आत जाऊन फक्त विचारा, आज पंच कोण? नसेल ठरलं तर त्यांनाच ठरवू दे, आणि एक वही द्या.

आणि तुम्हाला एक विनंती. अमेरिकेत ड्रॅगन नावाच्या मासिकात 1979 पासून एक सदर चालायचं, वाचक नियमांच्या शंका पत्राने पाठवायचे आणि मासिक उत्तरं छापायचं. तुमच्या पुरवणीत मे महिन्याची सुट्टी संपेपर्यंत असं एक छोटं सदर सुरू करा ना. कुठलाही खेळ चालेल, पत्ते, कॅरम, व्यापार, आमचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स. मुलं पत्रं पाठवतील, मी सांगते. पहिला प्रश्न भाच्याच्या मित्राने दिलाय, गेल्या शनिवारी वीज गेली म्हणून आम्ही मेणबत्तीत बदाम सात खेळत बसलो होतो तेव्हाचा: हातात टाकण्यासारखं पान असताना मुद्दाम अडवायला पास म्हणता येतं का? मी त्या रात्री नाही असा निकाल दिलाय. वहीत लिहून ठेवलाय, प्रश्नचिन्हासकट.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व