दशक्रियेतला माईक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या माघात माझे यजमान गेले. दहावा रामकुंडावर केला. पिंड मांडले, पण कावळा काही शिवेना. पाऊण तास झाला. तेवढा वेळ शे-दीडशे माणसं गोदाकाठी नुसती उभी होती, कोणी खाकरलंसुद्धा नाही. त्या दहा दिवसांत मला जरा हलकं वाटलं ते तेव्हाच.

कावळा शिवला आणि माईक सुरू झाला. माजी नगरसेवक, पतसंस्थेचे संचालक, मग ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणारे आणखी चौघे. एकाने तर यजमानांचं नावच चुकीचं घेतलं. मुंडण केलेला माझा मुलगा ओल्या पंचाने उन्हात तिष्ठत होता. नाशिककरांना ही भाषणं नवी नाहीत, मीही आजवर दुसऱ्यांच्या दहाव्याला ती मुकाट्याने ऐकलीच होती.

घरी दारावर येणाऱ्यांचीही तीच गत. नेमकं काय झालं? आधी कळलं नाही का? दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं ना! प्रत्येकाला मी आयसीयूपासून सगळं पुन्हा सांगायचं. माणसं वाईट नव्हती हो, पण गप्प बसायचं म्हटलं की त्यांनाच अवघडल्यासारखं होई.

शेजारच्या वहिनी तेवढ्या वेगळ्या. पहिल्या दिवशी कडू घास म्हणून पिठलं-भाकरी त्यांनीच आणली. पुढे रोज चार वाजता मेथीची जुडी घेऊन यायच्या, जुना पेपर पसरायच्या (तो आपलाच असायचा) आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवायच्या. एकदा मी काड्या टोपलीत आणि पानं कागदावर टाकत होते. त्यांनी चकार शब्द न काढता टोपली आणि कागदाची अदलाबदल केली. तासाभराने ‘येते’ म्हणून उठल्या. असं महिनाभर चाललं. यजमानांचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मीच एके दिवशी काढला, तेव्हा हातातली काडी तशीच धरून ऐकत राहिल्या.

माझी विनंती एवढीच, की दशक्रियेला माईक लावूच नये. फार तर घरच्या एकाने दोन मिनिटं बोलावं. घाटावर आलेला माणूस मान देण्यासाठीच आलेला असतो, त्याला भाषणाचा मान कशाला हवा? पण हे घरच्यांनी सांगायचं कसं? पाहुणे दुखावतात. त्या दिवशी ‘आता पुरे’ म्हणायची हिंमत आमच्यापैकी कोणाची झाली नाही, माझीही नाही. म्हणून आज हे पत्र.

आपली,
एक वाचक, जेल रोड, नाशिकरोड