‘ब्रेक निकामी’ म्हणजे नेमकं काय झालं, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मालट्रकने गाड्या चिरडल्या, की दुसऱ्या दिवशीच्या अंकात एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले.’ खंबाटकी असो, बोरघाट असो की कसारा, घाट बदलतो, वाक्य तेच. अपघातानंतरच्या गोंधळात चालक किंवा क्लीनर जे बोलतो, ते बातमीदार लिहून घेतो आणि चौकशी जणू तिथेच संपते. माझी सगळी नोकरी मालट्रकच्या वर्कशॉपमध्ये झाली, त्यातला बराच काळ गाडीखाली आडवं पडून. म्हणून हे वाक्य वाचलं की राहवत नाही.

वाचकांच्या डोळ्यांपुढे असते ती कार. कारचे ब्रेक तेलावर चालतात. पाइप फुटला, तेल गळलं, की पॅडल खाली बसतं आणि ब्रेक गेले. मोठ्या ट्रकमध्ये तेलाऐवजी हवा असते, आणि हिशेब बरोबर उलटा असतो. हवा संपली तर ट्रक सुटत नाही, तो जागच्या जागी जखडतो.

इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती ड्रायरमधून, म्हणजे हवेतली वाफ शोषून घेणाऱ्या डब्यातून, टाक्यांमध्ये जाते. चासीला लटकलेल्या त्या गोल टाक्या तुम्ही पाहिल्या असतील. टाक्या भरल्या की काटा साधारण आठ किलोवर येतो; आठ किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला आठ किलोचा दाब. पॅडलवर पाय दिला की पायाच्या जोराने ब्रेक लागत नाहीत, पाय फक्त व्हॉल्व्ह उघडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांची हवा वेगवेगळ्या टाक्यांतून, वेगवेगळ्या नळ्यांतून जाते; एक बाजू गेली तरी दुसरी राहावी म्हणून. मागचे ॲक्सल पॅडलपासून लांब. तिथवर हवा पोहोचायला वेळ लागू नये म्हणून मागे रिले व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पॅडलकडून त्याला फक्त इशारा मिळतो, चाकांना लागणारी हवा तो शेजारच्या टाकीतून सोडतो. तरीही थोडा उशीर होतोच. ताशी ६० किलोमीटरने चाललेला ट्रक अर्ध्या सेकंदात आठ मीटर पुढे सरकतो. ट्रकच्या नाकासमोर स्कूटर घालणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

ही हवा शेवटी येते ती चाकामागच्या गोल डब्यात. त्याचं पुस्तकी नाव ब्रेक चेंबर, आम्ही त्याला बूस्टर म्हणतो. आत रबराचा पडदा, पडद्याला टेकलेला लोखंडी रॉड. ३० नंबरचा बूस्टर म्हणजे ३० चौरस इंचांचा पडदा. त्यावर सात किलोची हवा पडली की रॉड तेराशे किलोंहून जास्त जोराने बाहेर येतो. रॉडच्या टोकाला स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे आमच्या भाषेत स्लॅक, नावाचा वीतभर लांबीचा हात असतो; शू आणि ड्रममधली फट त्याच्यावरच आवळून कमी करतात. तो ‘एस’ आकाराचा कॅम फिरवतो, कॅम दोन्ही शू, म्हणजे ब्रेकच्या अर्धगोल पट्ट्या, फाकवतो, शूवरचे लायनर चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबतं.

मागच्या चाकांचे बूस्टर मात्र दुहेरी असतात. पाठीमागच्या कप्प्यात एक जाड, दांडगी स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला दाबून ठेवते ती हवाच. हवा उतरली की स्प्रिंग सुटते, रॉड ढकलते, ब्रेक लागतो. हँडब्रेकचा छोटा दांडा ओढल्यावर हेच होतं. त्या कप्प्याचा क्लॅम्प स्प्रिंग न बांधता खोलला तर झाकण तोफेच्या गोळ्यासारखं उडतं; माणसं त्यात जिवाला मुकली आहेत, म्हणून नवख्या पोराला आम्ही त्याच्याजवळ फिरकू द्यायचो नाही. हवा गेली तर ब्रेक लागलेच पाहिजेत, ही कल्पना रेल्वेची. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ च्या सुमारास ती आगगाडीच्या ब्रेकमध्ये आणली. डबे तुटून मागे राहिले तर नळीतली हवा जाते आणि ते आपोआप थांबतात.

तेव्हा घाटात ट्रकची हवेची नळी फुटली तर आधी केबिनमध्ये बझर ओरडतो, मग स्प्रिंग लागते आणि ट्रक भर रस्त्यात उभा राहतो. ‘ब्रेक जाम होऊन बंद पडलेला कंटेनर, वाहतूक कोंडी’ ही बातमीही तुम्ही छापता. हवा गेलेली गाडी बहुधा ती असते. याला अपवाद आहेत. पाठीमागचा बोल्ट आवळून स्प्रिंग कायमची बांधून ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गळका बूस्टर बदलायचे पैसे वाचवायला केलेला उद्योग. तो बोल्ट फक्त बंद गाडी ओढून नेण्यासाठी असतो.

मग उतारावर सुटलेल्या ट्रकचं काय होतं? त्याच्या टाक्यांमध्ये बहुतेक वेळा हवा असते, पॅडल दाबलेलं असतं, रॉडही पूर्ण बाहेर आलेला असतो. ड्रम मात्र तापून लाल व्हायला आलेला असतो.

४० टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर शंभर-सव्वाशे लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही उष्णता कुठेतरी जायला हवी. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलतं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून गाडी रोखणारा) असेल तर आणखी जास्त. गाडी न्यूट्रलला असेल तर सगळीच्या सगळी ड्रममध्ये शिरते. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे लायनरपासून दूर जातो. त्याला गाठायला रॉडला आणखी पुढे यावं लागतं. ३० नंबरच्या साध्या बूस्टरचा रॉड जेमतेम अडीच इंच येतो, त्यापुढे डबाच संपतो. स्लॅक आधीच सैल असेल आणि थंड ड्रमवरच रॉड दोन इंचांपर्यंत येत असेल, तर तापल्यावर उरलेला अर्धा इंच कधीच संपतो. शिवाय लायनरचीही पकड उष्णतेने ढिली पडते. काटा आठ किलो दाखवतोय, चालक पॅडलवर उभा आहे आणि गाडी वेग घेतेय. अशा वेळी हँडब्रेक ओढूनही फार उपयोग नाही. स्प्रिंग ढकलते ते त्याच शूना आणि शू घासतात त्याच तापलेल्या ड्रमवर. नव्या अवजड गाड्यांना २०१५ पासून एबीएस सक्तीचं झालं, चांगलंच झालं. पण त्याने चाक लॉक होऊन घसरत नाही, एवढंच. ड्रम थंड करणं त्याचं काम नाही.

गंमत म्हणजे तासाभराने ड्रम निवला की ब्रेक पुन्हा लागतात. क्रेनने उभी केलेली गाडी दुसऱ्या दिवशी तपासली की ब्रेक ‘ठीक’ निघतात आणि चालक खोटं बोलला असं सगळ्यांना वाटतं. तो खोटं बोललेला नसतो. त्या क्षणी त्याला ब्रेक खरोखरच नव्हते. ते का नव्हते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

२० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका ट्रकने एकामागून एक कितीतरी वाहनं ठोकली. त्या रात्री ‘ब्रेक फेल’ हेच कानावर आलं. नंतर, उतारावर चालकाने इंजिन बंद केलं होतं असं प्राथमिक तपासात दिसल्याचं पोलिसांकडून सांगण्यात आलं. पहिली बातमी पहिल्या पानावर येते, दुसरी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच उतारावर कंटेनर, मध्ये चेपलेली कार, आग आणि मृत्यू हे सगळं पुन्हा घडलं.

उतारावर गाडी मोकळी सोडली की डिझेल वाचतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण. आताच्या इंजिनांत ते उलटं पडतं. गाडी गिअरमध्ये आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असेल तर इलेक्ट्रॉनिक पंप डिझेल तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे जीव धोक्यात घालून वर डिझेल जास्तच! आणि इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसर थांबतो, पॅडलच्या दर दाबागणिक टाकीतली हवा कमी होते, स्टिअरिंग जड होतं आणि एक्झॉस्ट ब्रेक तर हातचा जातोच. पण चालकाला ॲव्हरेजवर जोखणारा, कमी पडलेलं डिझेल पगारातून कापणारा मालक हे सांगायला येत नाही. सगळा दोष एकट्या चालकाच्या गळ्यात बांधणं मला पटत नाही.

स्लॅकचं तसंच. रॉड किती बाहेर येतो हे मोजायला यंत्र लागत नाही. चाकांना ओट लावायचे, हँडब्रेक सोडायचा, बूस्टरच्या तोंडाशी रॉडवर खडूने रेघ मारायची, एकाने केबिनमध्ये पॅडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने खाली रेघ किती सरकली ते पट्टीने मोजायचं. सगळ्या चाकांचं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम, आणि कपड्यांची वाट. आताच्या बऱ्याच गाड्यांना ऑटो स्लॅक येतात, ते आपले आपण आवळले जातात. इथे एक खोड मात्र रस्त्याकडेच्या गॅरेजांतून सर्रास दिसते: ऑटो स्लॅक सैल दिसला की पाना लावून हाताने आवळायचा आणि गाडी सोडायची. ऑटो स्लॅक सैल पडला म्हणजे तो स्वतः तरी बिघडलाय, नाहीतर कॅमची बुश झिजलीय. हाताने आवळून फक्त दुखणं झाकलं जातं आणि ते पुढच्या घाटात बाहेर येतं.

फिटनेसच्या तपासणीचंही बोलायला हवं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. रोलरवर चाक फिरवून ब्रेकचा जोर मोजतात, यंत्र उत्तम आहे. पण गाडी येते रिकामी आणि ड्रम असतो गार. रॉड सव्वादोन इंच येत असला तरी अशी गाडी पास होऊ शकते. हीच गाडी महिन्याभराने पोटभर माल घेऊन बोगद्याच्या तोंडाशी येते.

माझं मागणं आपल्याकडे आहे, सरकारकडे नंतर. अपघाताची पहिली बातमी घाईत जाते, ते समजू शकतो. पण आठवड्याने मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल मागा आणि त्यातल्या चार गोष्टी छापा. गाडी कोणत्या गिअरमध्ये सापडली? टाक्यांत हवा किती होती? प्रत्येक चाकाचा रॉड किती इंच येत होता? ड्रमवर निळसर डाग आणि भेगा होत्या का? (ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो; खूप तापलेलं बीड निळं पडतं, ते पुसून जात नाही.) अहवालात ही माहिती नसेल तर ‘नोंद नाही’ असंच छापा. कोणत्या मालकाच्या गाड्या पुन्हा पुन्हा सैल स्लॅकवर धावतात, तेही कळू द्या.

तोवर घाट उतरणाऱ्या कारवाल्यांसाठी एक सांगतो. पुढच्या ट्रकच्या चाकांतून धूर येतोय किंवा जळक्या लायनरचा उग्र वास येतोय असं जाणवलं, तर त्याला ओलांडून त्याच्या पुढे जाऊ नका. मागेच राहा, अंतर वाढवा.

आपला नम्र,
एक निवृत्त वर्कशॉप फोरमन, सातारा