ब्राँझ सांगून फायबर लावलंत साहेब! पालकमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पालकमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या पावसात तालुक्यातल्या शहीद स्मारकाच्या म्युरलचा, म्हणजे भिंतीवरच्या उठावचित्राचा, कोपरा तुटून पडला. तुकडा मी घरी घेऊन आलोय, एका हातात, कारण वजनच नाही त्याला. आतून पांढरं फायबर आणि वरून ब्राँझ कलरचा स्प्रे. इलेक्शनच्या आधी तुम्ही आमच्या घरी आला होता, आईच्या पाया पडला होता, फोटो काढले आणि म्हणाला होता, "मावशी, अस्सल ब्राँझचं करतो, नातवंडांची नातवंडं बघतील." आईनं ते खरं धरलं.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिली बटालियन, जंगी पलटण. डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत गेले. तुमच्या भिंतीवर त्यांच्या नावापुढं साल आहे १९६५! आई चष्मा पुसून पुसून बघत होती, मला म्हणाली अरे ६५ ला तर आमचं लग्नपण झालं नव्हतं. आणि चित्रातल्या जवानांच्या हातात इन्सास रायफल, जी नव्वदच्या दशकात आली, ७१ ला आमच्या माणसांकडं जुनी एसएलआर रायफल होती हे कुठल्याही रिटायर्ड हवालदारानं चहा पिता पिता सांगितलं असतं, पण विचारतंय कोण, नेटवरनं फोटो उचलला की झालं.

बोल्ट लोखंडी मारलेत, त्याचा गंज नावांवरनं खाली ओघळलाय. खरं ब्राँझ गंजत नाही साहेब, फार तर काळं-हिरवं पडतं. बोर्डावर खर्च ४२ लाख लिहिलाय. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबंच, ते किलोला हजाराच्या आसपास धरा, कमीजास्त असेल, त्या साइजला चारपाचशे किलो धातू लागला असता, म्हणजे पाच लाख, वर मातीचं मॉडेल, मेण, साचा, ओतकाम, कलाकाराची मजुरी सगळं धरलं तरी पैसे उरले असते. मग गेले कुठं? तुमच्या नावाची कोनशिला मात्र अस्सल ग्रॅनाइटची, अक्षरं पितळी, ती कशी हलली नाही हो?

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात रामभाऊ सुतारांनी केलेली सहा ब्राँझ म्युरल्स आहेत, लोंगेवाला, रेझांगला, गंगासागर अशा लढायांची. सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातले. तिथं पंचवीस हजारांवर नावं कोरलीत आणि वडिलांचं नाव बरोबर आहे. इटलीवाल्यांनी तर १९४४ ला दुसऱ्या महायुद्धात तिथं लढताना पडलेल्या माणगावच्या यशवंत घाडगेंसाठी २०२३ मध्ये मोंतोने गावात स्मारक उभं केलं, सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ आहे ते. परक्यांना ७९ वर्षांनी आठवण राहते, आणि आपल्याकडं माणूस कोणत्या लढाईत गेला हे पण तपासत नाहीत.

राग एकट्या तुमच्यावर नाही. मालवणला राजकोटावर महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ ला उभा केला, नऊ महिने पण टिकला नाही. महाराजांची ही गत तर आमच्या वडिलांसारख्या जवानाला कोण विचारतो! सगळीकडं तेच, कमी रेटचं टेंडर, वरपर्यंत वाटा, उद्घाटनाची तारीख आधी ठरणार आणि काम नंतर. आई अजून दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते, जिवंत आहे हे सिद्ध करायला, आणि तुमच्या माणसांना ४२ लाखांची साधी पावती सिद्ध करावी लागत नाही.

जमालपूरला आपल्या फौजेनं पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून पत्र पाठवलं होतं. त्यानं उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी घालून पाठवली. शत्रू होता, पण त्यानं उत्तर दिलं! मी तुमच्या ऑफिसात अर्ज दिले, मेल केले, तुमच्या पीएला व्हॉट्सअ‍ॅप केले, निळ्या टिका दिसतात, पुढं काही नाही.

तर आता एवढंच करा. बिलं गावासमोर ठेवा, ते फायबर उतरवा, साल दुरुस्त करा. ब्राँझ जमत नसेल तर साध्या काळ्या दगडावर नावं कोरा, आम्हाला चालेल. तोपर्यंत २६ जानेवारीला वीरपत्नीचा सत्कार म्हणून आईला न्यायला गाडी पाठवू नका, ती येणार नाही. तुटलेला तुकडा माझ्याकडं आहे, चौकशीला लागला तर माणूस पाठवा, पावती घेऊनच देईन.

आपला,
एका शहिदाचा मुलगा