परत आलेल्या अर्जाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं परवा कळलं. आता आमच्या संस्थेचा कुठलाही कागद तुमच्या टेबलावर येणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते आहे. आधी लिहिलं असतं तर त्याचा वेगळा अर्थ लागला असता. आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण इमारत आणि साधनसामग्रीसाठी सरकारी अनुदान मागणाऱ्या इतर नाट्यसंस्थांच्याही ते उपयोगी पडावं.

अनुदानासाठीचा आमचा पहिला अर्ज तुम्ही परत पाठवलात. समासात पेन्सिलने १७ प्रश्न लिहिले होते. त्या दिवशी मला फार राग आला होता. आम्ही नाटकांची यादी जोडली होती, परीक्षणांची कात्रणं जोडली होती, पारितोषिकांचे फोटो जोडले होते. तुमचा पहिला प्रश्न होता: ‘छप्पर गळतं असं लिहिलं आहे. नेमकं कुठे? त्याखाली काय आहे?’

खाली डिमरचं, म्हणजे दिव्यांचा उजेड कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेचं, कपाट होतं. कित्येक पावसाळे आम्ही त्यावर प्लॅस्टिक टाकून निभावून नेत होतो आणि अर्जात मात्र नवे दिवे मागत होतो. छप्पर, मग वायरिंग, मग दिवे हा क्रम तुम्ही लावून दिलात. दिव्यांच्या रकमेतून छपरासाठी पैसे काढताना माझा जीव तुटला होता, हे आज कबूल करते.

दिव्यांचाही हिशेब कच्चाच होता. १००० वॉटचे हॅलोजन काढून एलईडी लावायचे, वीज वाचेल, एवढंच आम्हाला कळत होतं. तुम्ही विचारलंत, ‘हे दिवे जुन्या डिमरवरच जोडणार का?’ एलईडीला अखंड वीजपुरवठा लागतो, त्याचा उजेड कमीजास्त करण्याचा संदेश वेगळ्या केबलमधून जातो आणि डिमरवर जोडला तर दिवा बिघडू शकतो. म्हणजे वीजजोडणी बदलायला हवी, केबल हवी, तो संदेश पाठवणारा कंट्रोल बोर्ड हवा. यातलं काहीच आमच्या दरपत्रकात नव्हतं. तसंच मंजूर झालं असतं तर दिवे आले असते आणि खोक्यातच पडून राहिले असते. हा प्रश्न विचारण्याआधी तुम्ही एका तंत्रज्ञाकडून सगळं समजून घेतलं होतं, हे मला खूप नंतर कळलं.

दारांचं तर आम्ही लिहिलंच नव्हतं. तेव्हा तुम्ही शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरबद्दल सांगितलंत. ३० डिसेंबर १९०३ रोजी भर प्रयोगात दिव्याची ठिणगी पडद्याला लागली, आग रोखायला वरून खाली सोडायचा अग्निरोधक पडदा मध्येच अडकला, बाहेर पडायची कित्येक दारं उघडेचनात, आणि ६०० हून अधिक माणसं गेली. नाट्यगृहाची दारं बाहेरच्या बाजूला, नुसतं ढकलताच उघडली पाहिजेत, हा धडा त्या आगीने दिला. आमचं मागचं दार आत उघडायचं आणि प्रयोगाच्या वेळी त्याला कुलूप असायचं, फुकटे शिरू नयेत म्हणून. त्या रात्री मला झोप लागली नाही. नव्या दारांकडे कोणा प्रेक्षकाचं लक्ष जात नाही, पण प्रयोगाआधी मी ती स्वतः ढकलून बघते.

पैशाचा भाग थोडक्यात. शेवटचा हप्ता काम पुरं होऊन उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्यावरच मिळतो, तोवर कंत्राटदाराला काय देणार, हे तुम्ही महिन्यागणिक मांडायला लावलंत. संस्थेचा स्वतःचा वाटा कागदावर दाखवून भागणार नाही, तो बँकेत हवा, हेही ठणकावलंत. अनुदानातून वस्तू घेता येते, तिची दुरुस्ती आपल्यालाच करावी लागते. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या उत्पन्नातून देखभालीसाठी थोडी रक्कम आम्ही आता बाजूला टाकतो. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, पूर्वी तपासणीच्या आदल्या रात्री लिहिलं जायचं, आता वस्तू दारातून आत आली की नोंद होते.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. रॅम्प आम्ही फक्त प्रेक्षकांसाठी दाखवला होता. तुम्ही समासात लिहिलंत: ‘कलाकार चाकाच्या खुर्चीत असेल तर?’ असा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नव्हता. नाटकवाले म्हणवतो आम्ही स्वतःला! मग घाईघाईने रंगमंचाच्या मागे दहा फुटांचा रॅम्प काढून आणला. तुम्ही पट्टी घेतलीत. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, रंगमंच तीन फूट उंच, म्हणजे ३६ फूट हवेत. मागे तेवढी सरळ जागा नव्हती. अठरा-अठरा फुटांचे दोन टप्पे आणि मध्ये वळायला सपाट जागा, हा तोडगा आपण तुमच्याच टेबलावर, जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर काढला. तो लिफाफा मी फाइलला लावून ठेवला आहे.

आमच्या संस्थेत एक ज्येष्ठ प्रकाशयोजनाकार आहेत. आमच्यातल्या निम्म्या मुलांना दिवा कसा लावायचा ते त्यांनीच शिकवलं. अपघातानंतर ते खुर्चीत आहेत. सहा वर्षं ते नाट्यगृहात आलेच नव्हते. बोलावलं की प्रकृतीचं कारण सांगायचे, आणि आम्हीही ते खरं मानायचो. कारण पायऱ्यांचं होतं. चार जणांनी उचलून नेणं त्यांना नको होतं.

रॅम्प झाल्यावर ते एकटे आले. कोणाला मदत करू दिली नाही. रंगमंचावर मधोमध खुर्ची थांबवून वर दिव्यांकडे बघत बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘तिसरा दिवा चुकीच्या कोनात लावलाय.’

आता दर मंगळवारी तालमीला कंट्रोल बोर्डवर तेच असतात. आपल्याला इथे कोणी आणलं ते त्यांना मी सांगितलं आहे. तुम्हाला भेटायची त्यांची फार इच्छा आहे. पुढच्या प्रयोगाला याल ना?

तुमची कृतज्ञ,
संस्थेची कार्यवाह